भावोजींचा कान

पेडणे तालुक्यात असं एकही इंजिन नव्हतं, ज्याने कधी ना कधी माझ्या भावोजींच्या कानात आपलं दुखणं सांगितलं नाही. आणि असा एकही माणूस नव्हता, ज्याचं बोलणं भावोजींनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. माणूस बोलायला लागला की दुसऱ्या वाक्यानंतर ते छपराचे वासे मोजू लागत. पण भातगिरणीचं इंजिन, सुपारीच्या कुळागरातला पंप, होडीची मोटार, यांच्यापैकी कोणी रस्त्यापलीकडे नुसतं खाकरलं, तरी हातातला चहा खाली ठेवून उभे राहत. माझी थोरली बहीण त्यांना दिली तेव्हा मी डिचोलीच्या हायस्कुलात नुकताच मराठी शिकवायला लागलो होतो. लग्नानंतर पहिल्यांदा मी तिच्या घरी गेलो. पेडण्याच्या बाजारात बसमधून उतरलो, तर भावोजी आपल्या गॅरेजच्या दारात उभे. त्यांनी मला "ये" म्हटलं नाही, घरची खुशाली विचारली नाही. म्हणाले, "तूं आयलो त्या बसीचो एक नोझल गेला. वाटेर काळो धूर दिसलो?" मी बसमध्ये पुस्तक वाचत होतो. धूर मला दिसला नव्हता. "दीड तास बसींत बसलो, आनी कांय आयकलें ना, कांय पळयलें ना," ते म्हणाले, "आनी हो भुरग्यांक शिकयता!" त्या दिवसापासून त्यांनी मला माझ्या नावाने कधी हाक मारली नाही. मी 'मास्तर' झालो, आणि त्यांच्या तोंडी त्या शब्दाचा अर्थ साधारण 'शिकायचा राहिलेला माणूस' असा होता.

ऐकण्याचं त्यांचं साधन म्हणजे डवला. करवंटीला लांब लाकडी दांडा बसवलेला, आमटी वाढायचा साधा डवला. दांड्याचं टोक चालत्या इंजिनावर टेकवायचं, करवंटी कानाला लावायची आणि डोळे मिटायचे. मग भावोजींच्या चेहऱ्यावर असं काही समाधान पसरे, की बघणाऱ्याला वाटावं, आत कोणी भजन म्हणत आहे. दांडा इंचभर इकडे, इंचभर तिकडे, असा सगळ्या अंगावरून फिरवून झाला की ते डोळे उघडत आणि एकच वाक्य बोलत. "दुसरो वाल्व." किंवा "पंपाची स्प्रिंग." इंजिन उघडलं की आत नेमकं तेच निघे. या विद्येची किंमत मात्र ताईच्या स्वयंपाकघराला मोजावी लागे. तिचा डवला कधी जागेवर नसे, आणि सापडला तर त्याला डिझेलचा वास येई. आमच्याकडे कित्येक पंगतींत आमटी पेल्याने वाढली गेली आहे. एकदा वैतागून ताईने म्हापशाहून स्टीलचा डाव आणला. भावोजींनी तो कानाला लावला आणि तिच्याकडे परत दिला. "हो बहिरो आसा," म्हणाले. कोणाच्याही लग्नाला गेले, तरी ते आधी आचाऱ्यांकडे जात, वधूवरांकडे नंतर. तिथे टांगलेले डवले एकेक करून कानाला लावून बघत. नवीन आचारी घाबरून यजमानांना बोलावून आणत. जुने मुकाट्याने एक डवला बाजूला काढून ठेवत.

लग्नांशी त्यांचं आणखी एक नातं होतं. इंजिनाच्या दोन भागांच्या मधून तेल झिरपू नये म्हणून जाड कागदाचं पॅकिंग घालावं लागतं. बाजारात ते मिळे, पण भावोजींना बाजारातलं काही पसंत पडत नसे. ते पॅकिंग लग्नपत्रिकांचं कापत. भागावर पत्रिका ठेवायची, लहान हातोडीने कडेकडेने ठोकत जायचं, की कागद नेमका त्या आकाराचा कापला जाई. त्यामुळे घरी आलेली पत्रिका ते आधी चिमटीत धरून बघत आणि मग वाचत. जाड निघाली तर सहकुटुंब जात. पातळ निघाली तर ताईला म्हणत, "ह्या लग्नाक तूंच वच." मांद्र्याच्या एका बागायतदाराने आपला पंप उघडला, तर आत त्याच्याच मुलीच्या लग्नाची पत्रिका निघाली. तेलात भिजून अक्षरं उलट अधिक ठळक झाली होती. तो तावातावाने भांडायला आला. भावोजींनी छपराकडे न बघता त्याचं जवळजवळ सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "चेडवाचो संसार बरो चलता मरे?" चालतो, तो म्हणाला. "मागीर पंपूय चलतलो."

दुरुस्त झालेलं इंजिन सुरू करण्याआधी ते गाऱ्हाणं घालत. आमच्याकडे देवाला गाऱ्हाणं घालायला कारण लागत नाही, पण त्यात पिस्टनचा उल्लेख करणारे भावोजी एकटेच. इंजिनासमोर नारळ ठेवायचा, टोपी काढायची आणि खणखणीत आवाजात सुरू: "बा देवा म्हाराजा! ह्या इंजिनाच्यो रिंगो नव्यो घातल्यात, वाल्व घांसून बसयल्यात. म्हज्या हातांतल्यान कांय चुकलें जाल्यार पोटांत घाल. आनी ह्या मालकान भेसळीचें डिझेल घातलें जाल्यार ताचें काय करपाचें तें तूंच पळय म्हाराजा!" यावर जमलेल्या सगळ्यांनी "व्हय म्हाराजा!" म्हणायचं. मालकालाही म्हणावं लागे. त्या एका वाक्याने पेडण्यातली डिझेलची भेसळ जेवढी कमी झाली, तेवढी कुठल्या तपासणीने झाली नसेल.

आम्हांला घटक राज्याचा दर्जा मिळाला त्याच्या आगेमागे आमच्याकडे मराठी की कोकणी हा वाद पेटला होता. मी मराठीच्या बाजूचा. घराघरांत दोन तट पडले होते, सख्खे भाऊ एकमेकांच्या गणपतीला जात नव्हते. पेडण्यात एकाच आठवड्यात दोन सभा ठरल्या, मंगळवारी कोकणीवाल्यांची आणि शुक्रवारी आमची. लाउडस्पीकरवाला एकच, त्याचा जनरेटर एकच, आणि तो जनरेटर चालू ठेवू शकणारा माणूसही एकच. आमच्या सभेत मुख्य वक्ते ऐन भरात आले आणि जनरेटर थांबला. लोक माझ्याकडे बघू लागले, कारण जनरेटरजवळ माझे भावोजी बसले होते. मी संतापून गेलो. "भावोजी, हे मुद्दाम केलंत?" ते टाकीचं झाकण लावत म्हणाले, "मंगळाराची सभा एका तासांत सोंपली. तुमच्या मनशाक दोन तास जाले, अजून तो प्रस्तावनेंतूच आसा. डिझेल कोणाच्याच पक्षाचें न्हय, मास्तर." स्वतः त्यांना या वादात कोणती बाजू घ्यावी हे कळत नव्हतं असं नाही, त्यांना वादच कळत नव्हता. ते पोथी मराठीत वाचत, बोल्टांची मापं पोर्तुगीज आकड्यांत सांगत आणि हातावर पाना आपटला की कोकणीत बोलत. तीनही भाषा त्यांना एकाच हत्यारपेटीतल्या वाटत.

पोर्तुगीज असताना ते मांडवीतल्या खनिज वाहणाऱ्या बार्जींवर इंजिनं सांभाळत. नाकेबंदीच्या त्या वर्षांत हद्दीपलीकडून साधा वॉशरही येत नव्हता, आणि लिस्बनहून एखादा भाग मागवला तर तो येईपर्यंत बार्ज गंजून जायची. त्यामुळे जे मोडेल ते आपणच घडवायचं, ही त्यांची शाळा. बेअरिंगसाठी धातू वितळवून ओतायचा, भोक झिजलं तर पितळेची बुशी करून बसवायची, दात मोडला तर कानशीने घासून नवा काढायचा. हे सगळं त्यांच्याकडे शिकून गेलेले कमी नव्हते. काही आखातात गेले. राहिले ते हरमलला गेले आणि पर्यटकांना स्कूटर भाड्याने देऊ लागले. त्यांच्यापैकी एकाला मी विचारलं होतं, स्कूटर बंद पडली की काय करता? "दुसरी दितां," तो म्हणाला. नव्या मेकॅनिकांबद्दल भावोजींचं मत याहून वाईट होतं. हे लोक डबा उघडतात, जुना भाग काढतात, नवा घालतात. "बदलूंक कोणूय बदलतलो," भावोजी म्हणत. "बरें करूंक येवंक जाय." तरीही त्यांना स्वतःच्या धंद्याची काळजी कधी वाटल्याचं मला आठवत नाही. जोवर कान आहे तोवर आपण आहोत, हा त्यांचा हिशेब पक्का होता. आणि तिथेच तो चुकला.

पहिली तक्रार ताईची. एका रविवारी मी गेलो, तर ती चहाबरोबर कालचीच पोळी घेऊन बसली होती. "पाव खंय?" मी विचारलं. ती उसळली. "पोदेर पाव घेवन दारांत भोंगो वाजवून वाजवून गेलो. हे दारांतूच बसून! चार दिस हेंच चल्लां. म्हजें आयकनात तें तीस वर्सां चल्लां, आतां पोदेराचेंय आयकूंक नाकां!" भावोजी पेपर वाचत होते. त्यांनी मान वर केली नाही. मलाही त्यात काही नवीन वाटलं नाही. तीस वर्षं ज्या माणसाने बायकोचं ऐकू आलं तरी ऐकलं नाही, त्याला खरोखर ऐकू येईनासं झालं तर घरात कळणार कसं?

मला कळलं ते तेरेखोलच्या फेरीबोटीत. केरीहून नदी ओलांडायला पाच-सात मिनिटं लागतात. त्या पाच-सात मिनिटांत भावोजी कठड्याला कधी उभे राहिले नाहीत. नदी, किल्ला, समुद्राचं तोंड, काही बघितलं नाही. ते इंजिनाच्या खोलीच्या दाराशी उभे राहत आणि उतरताना सारंगाला निकाल सांगत. त्या दिवशीही उभे होते. मी शेजारी. इंजिनाच्या घरघरीत एक बारीक टिकटिक येत होती. जुन्या घड्याळासारखी, पण घाईत असलेल्या. भावोजी म्हणाले, "साफ आवाज. वाल्व बरे बसयल्यात कोणी तरी." मी सहज विचारलं, "मग ही टिकटिक कसली?"

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मग इंजिनाकडे. दाराची चौकट धरून ते पुढे वाकले, डावा कान आत घातला, मग उजवा. फेरी धक्क्याला लागली. माणसं उतरली, स्कूटरी उतरल्या. भावोजी उतरले नाहीत. आम्ही तसेच परत केरीला आलो, आणि परत तेरेखोलला गेलो. चौथ्या फेरीत त्यांनी मला विचारलं, "अजून येता?"

"येते."

"घरघर आयकूंक येता म्हाका. टिकटिक येना." त्यांनी दाराची चौकट सोडली. "तुज्या भयणीक सांगूं नाका."

म्हापशाच्या डॉक्टरांनी सांगितलं, आयुष्यभर इंजिनांजवळ राहिल्यामुळे कानाची नस गेली आहे. जाड आवाज राहतील, बारीक आवाज गेले ते आता यायचे नाहीत. भावोजींना हे पटायला वेळ लागला नाही, कारण झिजलेला भाग ते ओळखत होते. एवढंच विचारलं, "बुशी बसना?" डॉक्टर हसले. भावोजी हसले नाहीत. त्यांच्या दृष्टीने तो अगदी रास्त प्रश्न होता. आणि इंजिनाचं सगळं दुखणं त्या बारीक आवाजांतच असतं. इंजिन फुटायला आलं की ते मोठ्याने ओरडतं, तेव्हा ते माझ्यासारख्यालाही कळतं. भावोजींचं भावोजीपण त्याच्या आधीच्या टिचकीएवढ्या आवाजात होतं.

पुढचे सहा महिने मी दर रविवारी डिचोलीहून पेडण्याला गेलो. बहिणीवरचं माझं प्रेम अचानक वाढलं, असं ताईला वाटलं. दुरुस्तीला आलेलं इंजिन भावोजी चालू करायचे, दाराबाहेर कोणी नाही हे बघायचे आणि डवला माझ्या हातात द्यायचे. "सांग." मी कानाला लावायचो. सुरुवातीला मला फक्त गोंगाट ऐकू येई. मग मी जे मला येतं ते केलं, शब्द शोधले. "भावोजी, एक हुंदका ऐकू येतो. विरहात—"

"हांगा कोण मेलो, मास्तर?"

"कोणी नाही."

"मागीर हुंदको नाका. चाकाच्या दर फेऱ्याक येता, की एक सोडून एक? लोखंडार लोखंड वाजता, की लाकडार लाकूड? पोकळ की भरीव?"

तीस वर्षं मी मुलांना उपमा शिकवत होतो. माझ्या उपमा इतक्या निरुपयोगी आहेत, हे मला त्या गॅरेजात कळलं. भावोजी एकेक विशेषण काढून टाकत. 'करुण' नको, 'मंद्र' नको, 'जणू' तर नकोच. शेवटी उरे ते असं: एक फेरा सोडून एक, भरीव, वरच्या बाजूला, गरम झाल्यावर कमी. तेवढ्यावरून ते डोळे मिटून सांगत, "पिस्टनाची पीन." आणि उघडलं की पीन. मला त्या बोलण्यातला अर्थ कधी पूर्ण कळला नाही. मी नुसता सांगत गेलो. पण गावाला काही कळलं नाही, एवढं खरं. भावोजींच्या गॅरेजात रविवारी गिऱ्हाईक का घेत नाहीत, याबद्दल लोक म्हणत की म्हाताऱ्याने उपास धरला असेल.

सोमवार ते शनिवार अवघड जात असणार. ते त्यांनी मला सांगितलं नाही. एकदा मात्र म्हणाले, "इंजीन म्हाका सांगता तें हांव आयकना, हें ताका खबर जालें जाल्यार?" इंजिनाला कळलं तर, याची त्यांना लाज वाटत होती. माणसांना कळलं तर मात्र धंदा बसणार होता. बहिऱ्या मेकॅनिककडे इंजिन कोण नेणार? बाकीच्यांप्रमाणे नवे भाग बदलत बसायचं तर त्यांना जमलं नसतं, आणि जमलं असतं तरी त्यांनी ते केलं नसतं.

अशात केरीच्या वाटेवरच्या गिरणीचं काम आलं. गिरण यशोदाबाईंची. नवरा गेल्यावर बाईंनी ती वीस वर्षं एकटीने चालवली होती. तिथे एक जुनं एका सिलिंडरचं विलायती इंजिन होतं, माणसाच्या छातीएवढं लोखंडी चाक असलेलं. पंचक्रोशीतलं भात त्याच्यावर सडलं जाई. म्हापशाला नोकरी करणाऱ्या मुलाने आता विजेची मोटार आणून ठेवली होती आणि इंजिन भंगारवाल्याला द्यायचं ठरवलं होतं. इंजिन सहा महिने बंद होतं. सुरू केलं की ठोकायला लागे. बाई स्वतः गॅरेजात आल्या. "सोमारा सकाळीं टेंपो येतलो," त्या म्हणाल्या. "चल्लें जाल्यार चेडो आयकतलो म्हजें. चल्लें ना जाल्यार व्हरतले. तुमी एकदां आयकात, भावोजी." गावात सगळेच त्यांना भावोजी म्हणत. "आयतारा येतां," भावोजी म्हणाले. बाईंना वाटलं, रविवार त्यांनी आपल्यासाठी मोडला.

आम्ही गेलो तेव्हा गिरणीत दहा-बारा माणसं जमली होती. भाताच्या गोणी घेऊन आलेल्या बायका, फेरीवरचे दोघे, आणि मोटार बसवायला आलेला कोल्हापूरकडचा फिटर पाटील. पाटील मनाने सरळ होता. त्याने भावोजींना वाकून नमस्कार केला आणि मग म्हणाला, "काका, ह्यात काय राहिलं न्हाई आता. मोटार बसवतो, बटण दाबायचं, विषय संपला."

"आनी लाइट गेली की?"

"येती की परत."

"केन्ना?"

पाटील जरा थांबला. "ते आता लाइटीच्या मनावर हाय, काका."

बायका हसल्या. पाटलाने हँडल मारून दिलं, इंजिन पेटलं, चाक फिरू लागलं आणि ठोका ऐकू आला. ठक्. ठक्. पाटील म्हणाला, "बेअरिंग गेलं. समदं उघडाय लागंल. आणि हे बेअरिंग आता कुठं मिळत न्हाई, बेळगावात बी न्हाई." भावोजींनी हात वर करून त्याला गप्प केलं. पिशवीतून डवला काढला. दांडा इंजिनावर टेकवला, करवंटी कानाला लावली, डोळे मिटले. सगळी गिरण गप्प झाली. चेहऱ्यावर तेच समाधान पसरलं, जे मी तीस वर्षं बघत आलो होतो. मला एकट्यालाच माहीत होतं की घरघरीपलीकडे त्यांना काही ऐकू येत नाही. दांडा इंचभर सरकला. पुन्हा इंचभर. यशोदाबाईंनी पदराचं टोक हातात घट्ट धरलं होतं.

मग भावोजींनी डोळे उघडले आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "म्हजें आयकून जालें. आज आमच्या मास्तराची परीक्षा. सहा म्हयने शिकयलां ताका." आणि डवला माझ्यापुढे धरला.

मॅट्रिकच्या परीक्षेलाही इतकं भ्यालो नव्हतो. करवंटी कानाला लावली. आधी नुसता गडगडाट. मग हळूहळू त्याच्या आतून तो आवाज बाजूला झाला. "ठोका आहे," मी म्हणालो. "दार ठोठावल्यासारखा."

"दार लोखंडाचें की लाकडाचें?"

"लोखंडाचं. जड."

"पट्टो चढय, पाटील. भार घाल." पाटलाने भात सडायच्या यंत्राचा पट्टा चढवला. इंजिन दमलं, आवाज जाड झाला. "आतां?"

मी ऐकलं. "आता नाही."

"ना म्हणजे?"

"गेला. पूर्ण गेला."

"पट्टो काड." पट्टा उतरला. "आतां?"

"आला."

"बेअरिंग जाल्यार भार घातल्यार वाडतलो आसलो," भावोजी पाटलाकडे न बघता म्हणाले. "दांडो फुडें सरकय, मास्तर. सिलिंडराकडे मोठो आयकूंक येता, की चाकाकडे?"

मी दांडा चाकाजवळ नेला आणि दचकून कान मागे घेतला. "चाकाकडे. खूप मोठा."

भावोजींनी इंजिन थांबवायला सांगितलं. चाक थांबल्यावर ते त्याच्याजवळ गेले आणि इंजिनाचा आस जिथे चाकात शिरतो तिथे बोट ठेवलं. चाक आसावर पक्कं राहावं म्हणून तिथे लोखंडाची एक पाचर ठोकलेली असते. तिला चावी म्हणतात. भावोजींनी चाक दोन्ही हातांनी हलवलं. ते केसभर हललं. "बेअरिंग जाग्यार आसा. चावी झिजल्या," ते म्हणाले. "भार आसतना चाक एकाच कुशीर दाबून रवता, म्हणून गप्प. भार ना आसतना डुलता, म्हणून ठोकता."

पाटील खाली बसून बघत राहिला. "काका, ही चावी कुठं मिळंल?"

"मेळना. करची पडटा."

मोडक्या ट्रकच्या कमानीचा एक तुकडा त्यांनी लागेल म्हणून आधीच पिशवीत टाकला होता, की ते नेहमीच अशी पिशवी घेऊन फिरत, मला माहीत नाही. तो पक्कडीत धरून त्यांनी कानस चालवली. घासायची, चाकाच्या खाचेत लावून बघायची, पुन्हा घासायची. दोन तास. बायका गोणींवर बसून राहिल्या, कोणी घरी गेलं नाही. बारीक आवाज ऐकू न येणारा तो म्हातारा माणूस कानशीचा आवाज ऐकत नव्हता, हातांनी ऐकत होता. शेवटी हातोडीच्या चार घावांत चावी बसली. इंजिन पेटलं. मी डवला उचलला आणि खाली ठेवला, गरज नव्हती. यशोदाबाई म्हणाल्या, "पयलीं म्हजें भात घालूंया," आणि मग रडायला लागल्या. पाटलाने आपली मोटार परत गोणपाटात गुंडाळली. जाताना तो माझ्याकडे येऊन हळूच म्हणाला, "सर, तुमचा कान लई तयार हाय." भावोजी छपराकडे बघत होते.

ते इंजिन आणखी तीन पावसाळे चाललं. तिसऱ्या पावसाळ्यानंतर भावोजी गेले, आजारपण लांबवलं नाही. ताईला शेवटपर्यंत वाटत राहिलं की ते तिचं ऐकत नव्हते, आणि मीही शब्द दिल्यासारखा तिला काही सांगितलं नाही. पुढे यशोदाबाईही थकल्या. मुलाने इंजिन विकलं, पण भंगारात नाही. हरमलच्या एका हॉटेलच्या दारात ते आता लाल रंग लावून उभं आहे. पर्यटक चाकाला टेकून फोटो काढतात. चाक जरासुद्धा हलत नाही.

गेल्या महिन्यात डिचोलीजवळच्या एका कुळागरात गेलो होतो. मालक माझा जुना विद्यार्थी, सुपारीची चार रोपं देणार होता. पाटाच्या कडेला त्याच्या आजोबांच्या वेळचा पंप चालू होता. मी चालता चालता थांबलो. "ह्याचा आवाज बिघडलाय," मी म्हणालो. तो हसला. "सर, तो मरूं दे. फुडल्या म्हयन्यांत नवो हाडटां. हे बरे करपी आतां मेळनात. कसलो आवाज येता तुमकां?"

मी ऐकलं. पाणी वाहत होतं, वर सुपारीची पानं हलत होती, आणि त्यातून तो आवाज स्पष्ट वेगळा येत होता. एक फेरा सोडून एक. लोखंडावर लोखंड. भरीव. वरच्या अंगाला. मी त्याला सगळं सांगितलं, नीट, एकही उपमा न वापरता. तो आदराने ऐकत होता. सांगून झाल्यावरही बराच वेळ आम्ही दोघे त्या पंपासमोर तसेच उभे होतो, आणि मग माझ्या लक्षात आलं, की मी पुढच्या प्रश्नाची वाट बघतो आहे.